इंद्राबाईचा होकार

नोटीस चिकटवायला बँकेची तीन माणसं आली तेव्हा इंद्राबाई पडवीत विड्याची पानं लावत बसली होती. वैशाखाची धग होती. गोणपाटावर पाणी मारून त्याखाली पानं झाकलेली. एकेक पान काढायचं, देठ एका बाजूला घ्यायचा, किडकं-फाटकं वेगळं टाकायचं आणि बाकीची एकावर एक रचून कवळी बांधायची. चाळीस वर्षं तिचे हात हेच करत आले होते, त्यामुळे माणसं दारात उभी राहिली तरी हात थांबले नाहीत. त्यांतल्या एकानं पाणी मागितलं. तिनं उठून गाळलेलं पाणी तांब्याभरून दिलं. तिघंही घटाघटा प्यायले आणि मग त्यातल्याच एकानं पिशवीतून खळीचा डबा काढून दाराच्या फळीवर कागद डकवला. आमच्या गावात वैरीसुद्धा पाणी प्यायल्यावर घटकाभर गप्प बसतो.

मी गावचा पोष्टमन. टपाल वाटत त्या गल्लीला आलो आणि गर्दी बघून सायकल भिंतीला टेकवली. इंद्राबाईला लिहिता-वाचता येत नाही. तिनं मला हाक मारली.

"शिदबा, काय डकवलंय बग रं."

मी वाचलं. आदगोंडा मगदूम यानं पानाच्या व्यापारासाठी कर्ज काढलं होतं. त्याला तारण म्हणून श्रीमती इंद्राबाई जिनगोंडा मगदूम यांचं हे घर, पडवी आणि मागचं परसू लिहून दिलेलं होतं. कर्ज थकलं, म्हणून बँकेनं घराचा ताबा घेतला आहे, कुणी या मिळकतीचा व्यवहार करू नये. खाली लिहिलं होतं, की मागणीची नोटीस रजिस्टर टपालानं पाठवली होती आणि ती मिळाल्याची पोच आहे.

ही शेवटची ओळ मी हळू वाचली. ती नोटीस मीच आणली होती. आमच्याकडं एकत्र घराचं टपाल थोरल्याच्या घरी द्यायची चाल आहे. आदगोंडा थोरल्या दिराचा मुलगा, मगदुमांचा कारभारी. आजवर इंद्राबाईचं वीजबिल काय नि लग्नपत्रिका काय, सगळं मी त्याच्याच ओट्यावर टाकत आलो. रजिस्टर टपाल ज्याच्या नावाचं त्याच्याच हातात द्यायचं असतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण तो म्हणाला, काकूचंच हाय, दे हिकडं, आणि मी सही घेऊन निघून गेलो. हे मी तिला कागद डकवला त्याच दिवशी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं असं पाहिलं, की माझ्या खाकी शर्टाची मलाच लाज वाटली.

"म्हंजे तूबी," ती म्हणाली.

"न्हाई काकू. शप्पत."

"शपता नगं घिऊ. बस तितं."

आदगोंडाच्या घराला कुलूप नव्हतं, पण आदगोंडाही नव्हता. त्याची म्हातारी आई म्हणाली, पोरगा गुजरातेत पानाची वसुली करायला गेलाय, महिना झाला. फोन बंद. म्हातारी डोळ्याला पदर लावत होती, पण डोळे कोरडे होते असं इंद्राबाई परत येताना म्हणाली. त्या दिवसापासून तिला सगळ्यांचेच डोळे कोरडे दिसायला लागले.

तिचा पहिला संशय पोटच्या पोरावर गेला. शीतल तिशीचा, लग्न न झालेला, पानमळ्यात मान मोडून राबणारा. दोन वर्षांमागं आदगोंडानं त्याला जुनी मोटारसायकल दिली होती, फुकट. तेव्हा गावानं आदगोंडाचं कौतुक केलं होतं. आता इंद्राबाई जेवताना पोराच्या ताटाकडं न बघता त्या गाडीकडं बघायची. शीतल मळ्यातून आला, वेलीला बांधायचे लव्हाळे पाण्यात भिजत घातले आणि हातपाय धुऊन बसला, की ती विचारायची, गाडी कशाबद्दल दिली रं तुला? तो रोज तेच सांगायचा, त्याच्या पानांचे बांधलेले डाग मिरजेच्या बाजारात फुकट पोचवत हुतो म्हणून. चौथ्या दिवशी तो ताटावरून उठला. गाडी ढकलत नेऊन आदगोंडाच्या दारात आडवी टाकली आणि चालत मळ्यात गेला. मला त्या पोराची कीव आली. इंद्राबाईला आली असेल तर तिनं दाखवली नाही.

मग ती आठवत बसली. अंगठा कुठं दिला? कधी दिला? पानं लावता लावता ती माझ्याशी मोठ्यानं आठवायची. रेशनकार्डाला दिला, सोसायटीला दिला, निराधारच्या अर्जाला दिला आणि तो साहेबानं फेकला. एके दुपारी तिचा हात थांबला. पर्वातली गोष्ट, म्हणाली. भादव्यात ऋषिपंचमीपासून दहा दिवस या जैन घरांत दशलक्षण पर्व असतं. इंद्राबाई त्यात एकवेळ जेवते आणि दहाही दिवस मौन धरते. अकरा वर्षं झाली. त्या दिवसांत ती बाजारवाल्याशी बोटांनी बोलते आणि गाव तिची बोटं समजतं. दोन वर्षांमागच्या त्या पर्वात आदगोंडा जीप घेऊन आला होता. घरठाणाच्या उताऱ्यावर नाव नीट करून घ्यायचंय, काकू, म्हणाला. मिरजेच्या कचेरीत नेलं. तिथल्या साहेबानं विचारलं, दस्त वाचून दाखवला का, कबूल आहे का? हिनं मौनात काय करावं? हात जोडले. दुसऱ्या कुणाला नाही कळलं तरी आमच्या गावात तिच्या जोडलेल्या हाताचा अर्थ असा, की माझं व्रत आहे, मला बोलायला लावू नका. साहेबाला वाटलं, बाई कबूल म्हणतेय. मशीनवर अंगठा दाबून घेतला.

"दुसऱ्या कुठल्याबी म्हयन्यात नेलं असतं तर मी इचारलं असतं," ती म्हणाली. "मी तोंडाळ हाय. समद्या गावाला ठावं हाय."

तेच तर होतं. गावाला ठाऊक होतं.

मिरजेतले नरगुंदे वकील पानाचे शौकीन. इंद्राबाईनं नेलेली कवळी त्यांनी टेबलावर ठेवली, एक पान बोटांनी पुसलं आणि दावा लावतो म्हणाले. दावा लागला. दहाव्या दिवशी बँकेचा वकील उभा राहिला आणि त्यानं घराबद्दल, अंगठ्याबद्दल, आदगोंडाबद्दल एक शब्द काढला नाही. तो म्हणाला, हा दावा ऐकायचा या न्यायालयाला अधिकारच नाही. न्यायाधीशबाईंनी सांगितलं, आधी तेवढंच ठरवू, पुरावा असेल तर द्या, तोवर घर आहे तसं राहील.

बाहेर लिंबाखाली इंद्राबाईनं विचारलं, म्हणजे काय झालं. नरगुंद्यांनी सांगितलं ते असं. बँकेनं तारण धरलेलं घर ताब्यात घ्यायला काढलं, की त्याचं भांडण दिवाणी कोर्टात चालत नाही, पुण्याला कर्जवसुलीचं वेगळं न्यायाधिकरण आहे तिथं चालतं.

"मग पुन्याला जाऊ," शीतल म्हणाला.

"जा की. तिथं मुख्यतः बँकेनं पायरीपायरीनं काम केलं का ते बघतील. नोटीस दिली का, मुदत दिली का. दिलीय. पोच आहे." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, एवढे उपकार. "तुमच्या आईनं हात कशाला जोडले, याची उलटतपासणी तिथं कोण करत बसणार? आणि तोवर घर खाली झालेलं असेल."

"मग हितलं दार उगडायचं कसं?" इंद्राबाईनं विचारलं.

"एक फट आहे. पुतण्यानं फसवलं एवढं सांगून चालत नाही. त्यानं फसवलं असेल, पण बँक भोळी होती, असं बँक म्हणणार. बँकेच्याच माणसानं लबाडी केली असं सांगावं लागतं. नुसतं लबाडी-लबाडी ओरडून नव्हे. कुणी केली, कुठल्या तारखेला, काय खोटं लिहिलं. नाव घ्यावं लागतं."

नाव त्यांनी बॅगेतून काढलं. बँकेनं उत्तराबरोबर जोडलेल्या कागदांत एक पाहणी अहवाल होता. घराचा फोटो, फोटोत दारात उभी इंद्राबाई, हात जोडलेली. खाली लिहिलेलं: मिळकतीस समक्ष भेट दिली. मालकीणबाईंशी प्रत्यक्ष बोलून तारणाबाबत खात्री केली. त्यांची संमती आहे. तारीख ऋषिपंचमीनंतरच्या चौथ्या दिवसाची. खाली सही, भरतेश उपाध्ये, क्षेत्र अधिकारी.

भरतेश हा इंद्राबाईचा जावई.

शीतलनं कागद दोनदा वाचला. इंद्राबाईनं फोटोवर बोट ठेवून विचारलं, ह्यो कवा काढला? मग तिचं तिलाच आठवलं असावं, कारण ती झाडाच्या पारावर बसली आणि पिशवीतलं पाणी प्यायली.

"ऱ्हाऊ दे त्येचं नाव," ती म्हणाली. "लेकीचं घर हाय त्ये."

नरगुंदे म्हणाले, "बघा. एक तर त्यांचं घर, एक तर तुमचं."

वकिलांना असली वाक्यं फुकट सुचतात. इंद्राबाई महिनाभर त्या एका वाक्याखाली दबली. पहाटे मळ्यात जायची. शेवग्या-शेवरीवर चढलेल्या वेलींच्या सावलीत, वाफ्याच्या कडेला चप्पल काढून, अनवाणी शिरायची. अंगठ्याच्या नखानं देठ खुडायची. तिचा अंगठा पानाच्या चिकानं काळा पडलेला, नख जाड होऊन चिरलेलं. एकदा म्हणाली, ह्यो अंगठा बँकेनं पुसून बघितला असता तरी त्येंला कळलं असतं, ही बाई कर्ज काढून व्यापार करनारी न्हवं. मी हसलो. ती हसली नाही.

आता तिचा सगळा संशय जावयावर गोळा झाला. तो दर दिवाळीला तिच्या पाया पडायचा ते आठवून ती म्हणायची, पाया पडतानाबी खाली जमीन किती गुंठं हाय तेच मोजत असंल. जावयानं आणलेलं लुगडं तिनं ट्रंकेत तळाला घातलं. शीतलशी मात्र ती बोलायला लागली. भाकरीवर तूप जरा जास्त पडायला लागलं. आमच्याकडं माफी अशीच मागतात.

पुराव्याच्या तारखेआधी दोन दिवस त्रिशला आली. इंद्राबाईची लेक, बारावी शिकलेली, मिरजेत दिलेली. बरोबर चार वर्षांची आर्या. मी त्या वेळी पडवीत डागाला सुतळी आवळून देत होतो. दुपारी टपाल संपलं, की मी इंद्राबाईकडं तेवढं काम करायचो. रजिस्टरची भरपाई म्हणा. त्रिशलानं मला उठायला सांगितलं नाही, किंवा मी असून नसल्यासारखा असतो हे तिनं धरलं असेल.

तिनं पोरीला मांडीवर घेतलं आणि बोलायला लागली. आदगोंडादादानं केलं ते वाईटच, त्याच्यावर काय घालायचं ते घाल, पोलिसात दे. पण ह्यांचं नाव काढू नको. नोकरी जाईल, सासू मला उभी करून घेणार नाही. ती बराच वेळ बोलली आणि इंद्राबाई पानं लावत राहिली. किडकं पान इकडं, चांगलं पान तिकडं.

मग इंद्राबाईनं विचारलं, "त्या दिशी तू हितं हुतीस."

"पर्वात येतेच की मी दर वरसाला. तुझ्या एकवेळच्या जेवनाला कोन हाय दुसरं?"

"नवरा फटू काढाया आला तवा तू मला दारात हुबी केलीस. म्हनलीस, जावयाच्या नव्या फोनात आईचा फटू पायजे."

त्रिशलानं पोरीचे केस सारखे केले.

"तुला ठावं हुतं?"

मला उठून जायला पाहिजे होतं. मी सुतळी धरून बसलो.

"वरसात फिटनार हुतं, आई. दादा म्हनला हुता. घर कुटं जानार न्हवतं. आमाला मिरजेत भाड्याचं बिराड सोडून सवताचं दोन खोल्याचं बघायचं हुतं, त्यो पैसं देनार हुता म्हनून..." ती थांबली. "तुला इचारलं असतं तर तू न्हाई म्हनली असतीस."

"व्हय," इंद्राबाई म्हणाली. "न्हाईच म्हनलं असतं."

तिनं हातातली कवळी बांधून पूर्ण केली. पदराला हात पुसून नातीला गुळाचा खडा दिला. लेकीला जेव म्हणाली नाही. सांज व्हायच्या आत यांची जेवणं उरकतात, आणि लेक माहेरून उपाशी गेली असं मगदुमांच्या घरात कधी घडलं नव्हतं. त्रिशला एसटीच्या वेळेला उठली, आईच्या पाया पडली आणि गेली.

त्या रात्रीपर्यंत मला वाटत होतं, बाई जावयाचं नाव घेईल. आता वाटायला लागलं, कसली घेते. नाव घेतलं, तर त्याच्या मागोमाग लेकीचंही निघणार. वकिलाला हे कळायला हवं का, असं मी दुसऱ्या दिवशी तिला विचारलं. ती म्हणाली, "तू टपाल वाट."

तारखेला आम्ही पहिल्या एसटीनं गेलो. न्यायदालनाच्या उंबऱ्याशी इंद्राबाईनं चपला काढल्या. शिपाई म्हणाला, आजी, घाला, इथं चालतंय. ती म्हणाली, मला न्हाई चालत. अनवाणी जाऊन ती पिंजऱ्यात उभी राहिली. खरं सांगेन, खोटं सांगणार नाही, हे तिच्याकडून वदवून घेतलं. जी बाई कांदा खात नाही, कारण तो उपटताना मातीतले जीव मरतात, तिच्याकडून. मी शेवटच्या बाकावर होतो. भरतेश बँकेच्या वकिलामागं इस्त्रीच्या शर्टात बसला होता. त्रिशला नव्हती.

नरगुंद्यांनी अहवाल दाखवून विचारलं, हे लिहिणारे कोण? तिनं सरळ नाव घेतलं. भरतेश उपाध्ये, माझा जावई. त्यांच्याशी तुम्ही त्या दिवशी बोलला होता? "मी त्या धा दिवसांत कुनाशीच बोलले न्हाई. ते जावयाला ठावं हुतं. तरी त्यांनी बोलले असं लिव्हलंय." भरतेश मान खाली घालून बुटाकडं बघत होता. मला आनंद झाला. कशाला लपवू?

मग बँकेचा वकील उठला. गोडबोल्या माणूस. आजी, थकला असाल, बसता का, असं सुरू केलं. मौन असलं तरी घरचं सगळं कळत होतं ना? खाणाखुणांनी व्यवहार करत होता ना? बाजारवाल्यालाही तुमच्या खुणा कळतात ना? ती व्हय, व्हय म्हणत गेली. तो कुठं चालला होता ते मला दिसत होतं. कुणीतरी तिच्या वतीनं बोललं आणि तिनं मान हलवली, एवढं निघालं की पुरे. मग भरतेशनं लिहिलेलं अगदीच खोटं राहत नव्हतं. मग बँकेची लबाडी उरत नव्हती, इथलं दार बंद होत होतं आणि घर पुण्याच्या वाटेवर.

"अधिकारी पाहणीला आले तेव्हा घरात तुमच्याबरोबर कोण होतं?"

"कोन न्हवतं."

"आठवून सांगा. मुलगा?"

"मळ्यात."

"मुलगी?"

इंद्राबाईनं पिंजऱ्याच्या लाकडावरचा हात उचलला आणि परत ठेवला.

"लेक सासरी हुती," ती म्हणाली. "त्या वरसाला आलीच न्हाई."

"तुमच्या वतीनं मुलगी अधिकाऱ्यांशी बोलली आणि तुम्ही मान डोलावली, असं मी म्हणतो."

"तुमी म्हना. ती न्हवतीच तर बोलंल कशी?"

टंकलेखनिकानं ते टकटक करत उतरवलं. बँकेचा वकील भरतेशकडं वाकला. भरतेशला सांगता आलं असतं, की त्रिशला होती. त्याला साक्षीला उभं राहून स्वतःच्या बायकोला यात ओढावं लागलं असतं, आणि तिनं उभं राहून काय काय सांगितलं असतं, हेही त्याच्या डोक्यात आलं असणार. त्यानं मान हलवली. नाही. वकील खाली बसला. मी त्या वर्षी पाहणीच्याच दिवशी मनीऑर्डर घेऊन त्या घरी गेलो होतो, आणि पाण्याचा तांब्या त्रिशलानंच मला दिला होता. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, ते मला आजही ठरवता येत नाही.

बाहेर आलो तर तिच्या चपला गायब. कोर्टात चपला काढून जाणारं माणूस चोराला रोज कुठं मिळतं? शीतल नव्या घ्यायला निघाला. तिनं अडवलं. जेठाचं ऊन, डांबर मऊ झालेलं, आणि ती एसटी स्टँडापर्यंत तशीच चालत निघाली. पाय उचलून उचलून टाकत होती. मी माझ्या चपला पुढं केल्या.

"नगं," ती म्हणाली. "पोळू दे जरा. देवाच्या नावानं खोटं बोलून आलोय."

बसमध्ये बसल्यावर तिनं तळवे वर करून पाहिले. फोड आले होते. आठ दिवस ती मळ्यात गेली नाही.

आषाढ संपता संपता निकाल आला. न्यायाधीशबाईंनी लिहिलं होतं, की मौनात असलेल्या बाईशी प्रत्यक्ष बोललो असं बँकेच्या अधिकाऱ्यानं लिहिणं ही बँकेच्याच बाजूची लबाडी दिसते, तिचा तारखेसकट तपशील पुराव्यात आला आहे, म्हणून हा दावा ऐकायचा या न्यायालयाला अधिकार आहे. निकाल लागेपर्यंत बँकेनं घराला हात लावू नये. गल्लीतल्या बायकांनी दारावरची नोटीस ओल्या फडक्यानं भिजवून खरवडली. शीतलनं पेढे वाटले. खटला अजून वर्षानुवर्षं चालायचा होता, पण तो आता आमच्या मिरजेत चालणार होता आणि चुलीवरचा तवा चुलीवर राहणार होता.

बँकेनं भरतेशला घरी बसवलं. त्यानं महिनाभर दाराला कडी लावून घेतली आणि मग हुबळीला मावसभावाच्या दुकानात निघून गेला. जाताना त्रिशलाला आणि पोरीला कुठं ठेवायचं हा प्रश्न त्याला पडलाच नाही. सासूनं भांडी वेगळी करून दिली. भादवा लागायच्या आधी एका सकाळी त्रिशला दोन पिशव्या घेऊन आईच्या पडवीत उभी राहिली.

इंद्राबाईनं तिला आत घेतलं. मी बघत होतो. पिशव्या तिनं स्वतः उचलल्या, आर्याला आंघोळ घातली, दोघींना वाढलं. लेकीला एक शब्द वाईट बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून मायलेकी शेजारी बसून पानं लावू लागल्या. त्रिशलाचे हात लहानपणचे सरावलेले होते, चार दिवसांत वेगही आला. गल्ली म्हणाली, आईचं काळीज ते आईचं काळीज. मीही म्हणालो. कोर्टात ती काय बोलली ते मला ठाऊक होतं आणि मी मनात तिला हात जोडले होते.

मग आर्याला गावच्या अंगणवाडीत घालायचं ठरलं. तिथल्या बाईनं एक अर्ज दिला होता, मूल आजीच्या घरी राहतं, असा. खाली आजीचा अंगठा. त्रिशलानं तो भरून आणला, शाईची डबी उघडून आईच्या पुढ्यात ठेवली. मी तेव्हा गल्लीच्या टोकाला होतो. नंतर शीतलनं सांगितलं म्हणून एवढं कळलं, की इंद्राबाई म्हणाली, वाचून दाखव. त्रिशलानं वाचून दाखवलं. चार ओळी. इंद्राबाईनं डबीकडं पाहिलं, अंगठा पदराला पुसला आणि शीतलला म्हणाली, "शिदबाला बोलव."

मी सायकल लावून पडवीत गेलो. त्रिशला अर्ज हातात धरून उभी होती. आर्या तिच्या पदराशी. इंद्राबाईनं तिच्या हातातून कागद घेतला आणि माझ्याकडं दिला.

"काय लिव्हलंय बग."

मी त्रिशलाकडं बघायचं टाळलं. मी, ज्यानं हिची नोटीस दुसऱ्याच्या हातात दिली होती. मी वाचायला लागलो. मी, खाली अंगठा देणारी, श्रीमती इंद्राबाई जिनगोंडा मगदूम, लिहून देते की कुमारी आर्या भरतेश उपाध्ये ही माझी नात असून ती माझ्या घरी राहते.

"तेवडंच?"

"तेवढंच काकू."

"खाली? बारीक अक्षरात?"

"खाली काही न्हाई."

"मागं बग."

मी कागद उलटला. मागची बाजू कोरी होती. मी ती तिला दाखवली, आणि तिला वाचता येत नसूनही ती बराच वेळ त्या कोऱ्या बाजूकडं बघत राहिली. त्रिशलानं पोरीला उचलून कडेवर घेतलं आणि ती आत निघून गेली. इंद्राबाईनं मग डबीत अंगठा बुडवला.